वेटरची टीप: हातात रोख, कार्डावर की स्कॅन करून?

शेवंती | १० ऑगस्ट, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी. कालपासून आमच्या घरात एकच विषय चाललाय म्हणून हा धागा काढतेय. आम्ही टेक्ससमध्ये प्लेनोला राहतो, आईबाबा जूनमध्ये सांगलीहून आलेत. काल सगळे बाहेर जेवायला गेलो. ८६ डॉलरचं खाणं झालं, त्यावर ७ डॉलर १० सेंट टॅक्स, आणि मी कार्डाच्या स्लिपवर १७ डॉलर टीप लिहून सही केली. बाबा शेजारीच होते, त्यांनी स्लिप घेतली, चष्मा लावून नीट वाचली आणि म्हणाले, "अगं पण हे सतरा त्या पोरीला मिळणार कधी? हे तर मालकाच्या खात्यात गेले." मी म्हणलं बाबा मिळतात, इथे तसा कायदा आहे. ते काही बोलले नाहीत, पण निघताना खिशातून पाचची नोट काढली, घडी घातली आणि जी मुलगी वाढत होती तिच्या हातात ठेवून चक्क मराठीत म्हणाले, "हे तुझे, बाळा." तिला शब्द कळले नसतील पण तिने दोन्ही हातांनी नोट घेतली.

मला हे जास्त लागलं कारण माझी स्वतःची लेक (१९ वर्षांची आहे) मे महिन्यापासून इथल्याच एका रेस्टॉरंटमध्ये सर्व्हर म्हणून जाते. टेक्ससमध्ये सर्व्हरला मालकाने तासाला २ डॉलर १३ सेंट दिले तरी चालतं, बाकीचं टीपमधून यायचं, आणि टीप धरूनसुद्धा तासाचे ७ डॉलर २५ सेंट होत नसतील तरच फरक मालकाने भरायचा. हा २.१३ चा आकडा १९९१ पासून तसाच आहे! म्हणजे सहा तास पायावर उभं राहून पावणेतेरा डॉलर, आणि तेही बरेचसे टीपवरच्या टॅक्समध्ये कापले जातात, तिचा पगाराचा चेक बघितला तर वाईट वाटतं. टीप ही तिची वरकमाई नाहीच, तोच पगार.

तर तुम्ही कशी देता? कार्डावर लिहून की कॅश? आणि भारतात आता सगळं स्कॅन झालंय तर तिथे वेटरला कसं देताय? मी चार वर्षांत आले नाहीये, मला खरंच माहीत नाही.

आडवाट | १० ऑगस्ट, सकाळी ९:५२

शेवंतीताई, पुण्यातून सांगते, परिस्थिती वाईट आहे. माझ्या पर्समध्ये गेले कित्येक महिने नोट नाही, भाजीवाली पण स्कॅनर लावते. बडीशेपच्या डिशमध्ये वीसची नोट ठेवायची सवय होती ती कधी सुटली कळलंच नाही. मध्ये आमच्या नेहमीच्या ठिकाणी ६४० बिल झालं, मी काउंटरचा कोड स्कॅन करून ७०० टाकले आणि वेटरदादांना सांगितलं वरचे ६० तुमचे. पुढच्या रविवारी गेल्यावर सहज विचारलं मिळाले का, तर ते इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "नाही ताई, ते गल्ल्यावर गेले." मला इतकं मेल्यासारखं झालं. मी दिले असं समजून आठवडाभर खूश होते आणि त्या माणसाला एक रुपया पोचला नव्हता. म्हणजे काकांचं बरोबरच आहे.

गल्लीबोळ | १० ऑगस्ट, सकाळी १०:२०

मी टीप देत नाही, स्पष्टच सांगतो. पगार देणं हे मालकाचं काम आहे. मी जेवणाचे पैसे देतो त्यात वाढणाऱ्याचा पगार धरलेला असतो. आपण टीप देत राहिलो की मालक पगार वाढवत नाही, २ डॉलरचा आकडा १९९१ पासून तसाच आहे तो याचमुळे. कोणीतरी थांबायला पाहिजे.

शेवंती | १० ऑगस्ट, सकाळी १०:३१

@गल्लीबोळ, तुमचं म्हणणं मला पटतं पण आपण टेबलावर थांबून कायदा बदलत नाही हो, त्या दिवशी त्या मुलीचे पैसे जातात एवढंच होतं. आणि नुसते जात नाहीत, तिच्या खिशातून जातात. माझ्या लेकीच्या रेस्टॉरंटमध्ये तिला तिच्या विक्रीच्या ३ टक्के टेबलं आवरणाऱ्या मुलाला आणि बारवाल्याला द्यावे लागतात, टीप मिळो न मिळो. काल आम्ही ८६ डॉलरचं खाल्लं, तिथेही हीच पद्धत असेल तर आम्ही काहीच न देता उठलो असतो तर त्या मुलीने आम्हाला वाढण्यासाठी स्वतःचे अडीच डॉलर भरले असते.

गल्लीबोळ | १० ऑगस्ट, सकाळी १०:४०

हे माहीत नव्हतं. तिथलं वेगळं दिसतंय. मी इथल्याबद्दल बोलत होतो.

जुना_कॅप्टन | १० ऑगस्ट, दुपारी १२:०५

इथलं मी सांगतो. जरा मोठं होईल, मोबाईलवर टाईप करतोय, चुका सांभाळून घ्या.

मी १९९४ ला चिपळूणकडच्या गावातून मुंबईला आलो, दादरला एका उडुपी हॉटेलात लागलो आणि नंतर बारा वर्षं ठाण्यात परमिट रूमला, आधी वेटर मग कॅप्टन. आता गुडघे गेले म्हणून गावाला असतो. पगार होता, खोटं कशाला बोलू, पण तो गावाला मनीऑर्डर करायचा आणि मुंबईत आपलं रोजचं टीपवर काढायचं, सगळे असंच करायचे. रात्रीची शेवटची लोकल चुकली आणि टीप बरी झालेली असली तर रिक्षा, नाहीतर हॉटेलातच टेबलं जोडून झोपायचं.

आता टीप यायची कशी ते बघा. गिऱ्हाईक कधी ठरवून टीप द्यायचं नाही, गिऱ्हाईक सुट्टे सोडायचं. बिल ३७० झालं, पाचशेची नोट दिली, १३० परत आणायचे. नवीन पोरगा एक शंभर, एक वीस, एक दहा असं आणायचा. जुना वेटर एक पन्नास, तीन वीस, दोन दहा असं आणायचा आणि वर बडीशेप टाकायचा, म्हणजे माणसाला सोडायला सोपं पडतं. शंभराची नोट कोण ठेवणार, पण वीस ठेवायला कोणाचं मन अडत नाही. गल्ल्यावर बसणारा अण्णा पण हे ओळखून सुट्टे द्यायचा, कारण रात्री आमची चिल्लर त्यालाच हवी असायची. आम्ही नाणी मोजून द्यायचो, तो नोटा द्यायचा, दोघांची सोय.

स्कॅनरने काय झालं, सुट्टे गेले. बिल ३७० तर माणूस ३७० च टाकतो, तो कंजूष झाला असं नाही, त्याच्यासमोर ती डिशच येत नाही. २०१६ च्या नोटबंदीनंतर आधी कार्ड वाढलं आणि मग हे क्यूआर आले, त्या दोनतीन वर्षांत आमच्या लोकांची टीप निम्म्यावर आली हे मी डोळ्याने बघितलं. आडवाटताई, तुम्ही ६० जास्त टाकले ते पण त्या हॉटेलच्या खात्यात विक्री म्हणून गेले. संध्याकाळी हिशेब जुळवणाऱ्याला ते ६० नुसते जास्तीचे दिसतात, कोणाचे ते दिसत नाही. चांगला मालक विचारून देतो. बाकीचे ठेवून घेतात.

कार्डाचं सांगतो. आमच्याकडे मशीन आलं तेव्हा स्लिपवर टीपची ओळ असायची, मोठी पार्टी असली की दोनशे तीनशे लिहून जायची आणि आम्ही खूश. शेठ महिन्याच्या शेवटी वहीत बघून द्यायचा, मशीनचे दोन टक्के म्हणून कापायचा आणि वही कधी आमच्या हातात द्यायचा नाही. माझ्या लक्षात असलेले आकडे आणि मिळालेले पैसे कधीच जुळले नाहीत. मी एकदा सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला महिनाभर लिहून ठेवलं, ११४० झाले होते, हातात ७०० आले. विचारलं तर म्हणाला, काम करायचंय ना.

पण रोख पण सगळीकडे हातातली हातात राहते असं समजू नका. काही हॉटेलात टीपचा डबा असतो, सगळ्यांनी त्यात टाकायची आणि आठवड्याने वाटे. कॅप्टनला दोन वाटे, वेटरला दीड, हेल्परला एक, भांडीवाल्याला अर्धा असा आमचा हिशेब होता. मी तिथे होतो तोवर युनिफॉर्मला खिसाच नव्हता, शर्टाला पण नाही आणि पँटला पण नाही, कोणी टीप लपवू नये म्हणून. रुमाल मोज्यात ठेवायचो. वाट्याची पद्धत चांगलीच आहे, आत मोरीवर उभा असलेला माणूस गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही पण ताट स्वच्छ त्याच्यामुळे येतं. फक्त डब्याची किल्ली स्टाफकडे पाहिजे.

म्हणून माझं सांगणं एवढंच की विचारा. "टीप तुमच्याकडे राहते की डब्यात जाते, कार्डावर दिली तर मिळते का?" वेटर खरं सांगतो. खूप लोकांना वाटतं असं विचारलं तर त्याचा अपमान होईल. इतक्या वर्षांत मला हे तीन जणांनी विचारलं असेल आणि त्या तिघांचे चेहरे मला आजपण आठवतात.

आणि देताना ग्रेव्हीच्या ताटात नाणी टाकू नका हो. हात धुवायच्या वाटीत पण नाणी टाकलेली मी काढली आहेत.

आडवाट | १० ऑगस्ट, दुपारी १२:३०

दादा, हे वाचून डोळ्यात पाणी आलं. सुट्ट्यांचं कधी असं लक्षातच आलं नव्हतं. मी उद्याच बँकेतून वीसच्या नोटांचं बंडल आणते.

थेम्सकाठ | १० ऑगस्ट, दुपारी १:१५

इंग्लंडमधून. इथे लंडनमध्ये बऱ्याच ठिकाणी बिलातच १२.५ टक्के सर्व्हिस लावलेली असते, ऐच्छिक असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. जुना_कॅप्टन यांनी लिहिलंय तसंच इथेही बरीच वर्षं चालायचं, काही मालक कार्डावरचे पैसे स्वतःकडे ठेवायचे किंवा प्रशासनाचा खर्च म्हणून कापायचे. शेवटी २०२३ मध्ये टीपच्या वाटपाचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तो लागू आहे. आता कार्डावर दिलेली टीप आणि बिलातली सर्व्हिस सगळी कामगारांना द्यावी लागते, मशीनची फीसुद्धा कापायची नाही, आणि टीप मिळाली त्याच्या पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत वाटून व्हायला हवी. कामगार हिशेब मागू शकतो, तो ११४० आणि ७०० चा फरक इथे आता लेखी विचारता येतो. त्यामुळे मी हल्ली निर्धास्तपणे कार्डावर देते. पण कायदा यायच्या आधी मी नेहमी विचारायचे आणि दोनदा असं झालंय की वेटरने मान हलवून नाही सांगितलं, मग मी ती सर्व्हिस बिलातून काढायला लावून तेवढे पैसे हातात दिले.

आकडेमोड | १० ऑगस्ट, दुपारी २:४०

नाशिकहून, सीए आहे. थेम्सकाठ यांनी सर्व्हिस चार्ज काढायला लावला असं लिहिलंय, ते आपल्याकडेही करता येतं हे अनेकांना ठाऊक नाही म्हणून लिहितो. बिलावर दोन वेगळ्या गोष्टी असतात. जीएसटी हा कर आहे, साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के, अडीच केंद्राचे अडीच राज्याचे, तो द्यायचाच. सर्व्हिस चार्ज हा कर नाही, तो हॉटेलवाल्याने लावलेला असतो, ५ किंवा १० टक्के, आणि त्यावरसुद्धा जीएसटी लागतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालायचा नाही आणि दुसऱ्या नावानेही नाही. हॉटेल संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली, आणि २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळून सूचना कायम ठेवल्या. ग्राहकाला स्वखुशीने टीप द्यायची असेल तर मुभा आहेच. तेव्हा बिलात दिसला तर शांतपणे काढायला सांगा, ऐकलं नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

माझी विनंती एक आहे. काढायला लावला तर ते पैसे वाचले असं समजून खिशात टाकू नका. बरेच जण तेच करतात, भांडून १८० रुपये कमी करून घेतात आणि वाढणाऱ्याला काहीच देत नाहीत. त्याच्या वाट्याचे तेही गेले.

कार्डावरच्या टीपवर आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचा निकालही आहे. आयटीसीचं प्रकरण, एप्रिल २०१६. आयकर खात्याचं म्हणणं होतं की गिऱ्हाइकाने कार्डावर दिलेली टीप हॉटेलमार्फत कर्मचाऱ्याला मिळते म्हणजे तो पगारच, हॉटेलने त्यावर टीडीएस कापायला हवा. न्यायालयाने सांगितलं की हा पगार नाही, पैसे गिऱ्हाइकाचे आहेत, मालकाच्या हातातून फक्त पुढे जातात. कर्मचाऱ्याच्या हातात ते इतर उत्पन्न. मला हा निकाल फार आवडतो. मालकाच्या मशीनमधून गेले म्हणून पैसे मालकाचे होत नाहीत, मुद्दा टीडीएसचा होता तरी.

बे_एरिया | १० ऑगस्ट, रात्री ८:०५

कॅलिफोर्नियाचं गणित वेगळं आहे. इथे २.१३ वगैरे चालत नाही, सर्व्हरलाही पूर्ण किमान वेतन, २०२५ मध्ये तासाला साडेसोळा डॉलर होतं. वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा, मिनेसोटा, मॉन्टाना, अलास्का इथेही टीप धरून पगार कमी करता येत नाही. कार्डाची फी टीपमधून कापायलाही कॅलिफोर्नियात बंदी आहे आणि कार्डावरची टीप पुढच्या पगाराच्या दिवशी द्यावीच लागते. मग प्रश्न असा पडतो की इथेही २० टक्के का? मी टेबलावर वाढलं तर १८ देतो. पण काउंटरवर उभं राहून स्वतः कॉफी उचलायची आणि समोर स्क्रीन फिरवून १८, २०, २५ विचारतात ते मला पटत नाही, मी तिथे शून्य दाबतो आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही.

शेवंती | १० ऑगस्ट, रात्री ९:४५

बे_एरिया, काउंटरबद्दल सहमत. पण तुमच्या इथलं घरभाडं बघता साडेसोळात कोणाचं भागत असेल असं वाटत नाही, तेव्हा टेबलावर वाढणाऱ्याचे हात आखडू नका.

लेक आत्ताच शिफ्टवरून आली, तिला बसवून सगळं विचारलं, जे कळलं ते लिहिते कारण दहा वर्षं इथे राहून मलाच यातलं निम्मं माहीत नव्हतं.

ती म्हणते आई, कार्ड की कॅश यापेक्षा जास्त नुकसान रिकाम्या ओळीने होतं. लोक टीपची ओळ कोरी ठेवतात आणि सही करून जातात, मग तिला कळत नाही विसरले की द्यायची नव्हती, आणि स्वतःहून ती काही टाकू शकत नाही. कॅश ठेवणार असाल तर त्या ओळीवर "कॅश" असं लिहा आणि खाली एकूण आकडा लिहून टाका. दुसरं म्हणजे दोन कागद येतात, त्यातला सही केलेला रेस्टॉरंटचा कागद लोक चुकून खिशात घालून घेऊन जातात. तिच्या बाबतीत दोनदा झालं, एकदा आठ जणांचं टेबल होतं! कार्डावरून बिलाचे पैसे कटले पण टीप कुठेच लिहिलेली सापडली नाही, म्हणजे शून्य. त्या रात्री ती गाडीत बसून रडली होती, मला तेव्हा सांगितलंही नव्हतं.

कूपन असेल तर आधीच्या पूर्ण रकमेवर टीप धरा, तिने ताटं तेवढीच उचललेली असतात. टॅक्सवर टीप नाही दिली तरी चालते, मी पण ८६ वरच धरली होती. मोठ्या ग्रुपला बिलातच १८ टक्के लावलेले असतात ते आधी बघा, नाहीतर दोनदा जातील.

तिच्याकडे कार्डावरची टीप त्याच रात्री कॅशमध्ये मोजून देतात. तिच्या मैत्रिणीकडे पगाराच्या चेकमध्ये येते, दोन आठवड्यांनी. मैत्रिणीला गाडीत पेट्रोल आज टाकायचं असतं, म्हणून तिला कॅश हवी असते. मालकाला किंवा मॅनेजरला त्यातली टीप ठेवता येत नाही, २०१८ मध्ये कायद्यात तसं स्पष्ट केलंय. कार्डाची फी मात्र काही राज्यांत कापू देतात.

आणि एक समज माझाही होता की कॅश दिली की बिचारीचा टॅक्स वाचतो. तसं नाहीये. महिन्याला २० डॉलर किंवा जास्त टीप झाली की पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मालकाला सांगावीच लागते, कॅश असो वा कार्ड. जुलै २०२५ मध्ये नवीन कायदा झालाय त्यात २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी २५ हजार डॉलरपर्यंतच्या टीपवर आयकरात वजावट मिळणार आहे आणि त्यात कार्डावरची टीपही धरलीये. त्यामुळे लपवायचं कारणच उरत नाही. बिलात सक्तीने लावलेले १८ टक्के मात्र त्यात बसत नाहीत, ते स्वखुशीचे नाहीत म्हणून.

इझारकाठ | ११ ऑगस्ट, पहाटे १:२०

म्युनिकहून थोडक्यात. इथे टेबलावर पैसे ठेवून जायची पद्धत नाही. बिल घेणारा समोर उभा असतो, ४६ झाले तर ५० ची नोट देऊन "श्टिम्ट झो" म्हणायचं, म्हणजे राहू दे. कार्ड असेल तर मशीनवर आकडा टाकायच्या आधी "पन्नास घ्या" असं सांगायचं, एकदा ४६ दाबले की मग खिशात नाणी शोधावी लागतात. पाच ते दहा टक्के पुरे, वीस दिले तर त्यांना वाटतं चूक झाली.

हमरस्ता | ११ ऑगस्ट, सकाळी ७:३०

मी मालक आहे. सातारा बाजूला हायवेला हॉटेल आहे, दहा टेबलं, सात माणसं. वरचं वाचून झोप लागली नाही म्हणून लिहितोय.

आमच्याकडे पण स्कॅनर आल्यावर हेच झालं. लोक जास्त टाकायचे, मला रात्री थकून हिशेब करताना कळायचं नाही कोणाचे. मी मुद्दाम ठेवले नाहीत, पण दिलेही नाहीत, सहा महिने असेच गेले असतील. मग आमच्या जुन्या वेटरने तोंडावर सांगितलं, "शेठ, मुलं सोडून जातील." तेव्हापासून गल्ल्याशेजारी दुसरा क्यूआर लावलाय, तो त्याच्याच बँक खात्याचा आहे आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलंय "स्टाफची टीप". पैसे पडले की त्याच्या मोबाईलवर आवाज येतो तो आतल्या आचाऱ्यालाही ऐकू जातो. शनिवारी रात्री तो सगळ्यांसमोर आकडा वाचतो आणि भिंतीवरच्या कागदावर लिहून वाटे करतात, मी त्यात पडत नाही. खर्च शून्य आला, एक कागद लॅमिनेट केला तेवढाच. यूपीआयला खात्यातून खात्यात टाकायला काही कटत नाही, म्हणजे दहा रुपये टाकले तर दहाच पोचतात, कार्डात तसं नसतं.

गिऱ्हाइकांनो, तुम्ही मालकाला विचारत जा की स्टाफचा वेगळा कोड आहे का. चार जणांनी विचारलं की मालक लावतो. मला कोणी विचारलं नव्हतं.

जुना_कॅप्टन | ११ ऑगस्ट, सकाळी ८:१०

@हमरस्ता, शेठ, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल हात जोडतो. आमच्या वेळी असा एक भेटला असता तर.

गल्लीबोळ | ११ ऑगस्ट, सकाळी ११:००

मी अजूनही म्हणतो पगार मालकानेच नीट द्यावा. पण मी कालपासून विचार करतोय. मी रोज दुपारी ऑफिसजवळच्या खानावळीत १२० ची थाळी खातो, तिथला वाढपी मला न विचारता तिसरी भाकरी आणतो कारण त्याला माहितीये मी दोनवर थांबतो पण भूक असते. त्याला मी आजपर्यंत काही दिलं नाही. अशा ठिकाणी रोज दहावीस द्यायचे का? विचित्र वाटेल का त्याला?

जुना_कॅप्टन | ११ ऑगस्ट, सकाळी ११:२५

रोज नको. रोजच्या गिऱ्हाइकाने रोज दिले की तो नातं विसरून हिशेब धरतो आणि एक दिवस नाही दिले तर दोघांना अवघड होतं. महिन्याला एकदा शंभराची नोट द्या, आणि दिवाळीला पोस्त द्या. पोस्टमनला, कचरेवाल्याला आपण देतोच की, तशीच त्यालाही. पहिल्यांदा देताना नाव विचारा. गर्दी ओसरल्यावर द्या, गर्दीत दिली तर घाईत त्याला बघता पण येत नाही तुमच्याकडे.

शेवंती | १३ ऑगस्ट, रात्री ८:५०

तुमचं सगळं बाबांना वाचून दाखवलं. जुना_कॅप्टन यांचं दोनदा वाचायला लावलं, खिसा नसलेल्या युनिफॉर्मपाशी थांबले आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले आपल्या तिथल्या हॉटेलात पण बघितलंय, खिसे शिवून टाकलेले असतात, मला वाटायचं फॅशन असेल.

आज परत त्याच ठिकाणी गेलो. ती मुलगी होती. लेकीने तिला सरळ विचारलं, तुला कार्डावर बरं पडतं की कॅश? ती म्हणाली दोन्ही चालतं, कार्डाचे शुक्रवारी मिळतात, कॅश असेल तर येताना बाळाचे डायपर घेऊन जाते. बाबांनी मला कार्ड आत ठेवायला लावलं आणि टीपचे पंधरा डॉलर सुट्टे करून आणले होते ते दिले. ओळीवर "कॅश" मी लिहिलं.

आता एक प्रश्न जुना_कॅप्टन यांना, बाबांनी विचारायला सांगितलाय. सांगलीत ते गेली बावीस वर्षं रोज सकाळी एकाच हॉटेलात चहाला जातात, तिथला वेटर त्यांना बसल्याबरोबर बिनसाखरेचा आणून देतो, आणि बाबा महिन्याच्या एक तारखेला त्याला दोनशे रुपये देतात. जूनपासून इथे असल्यामुळे तीन महिने चुकले. बाबा म्हणतात ते पैसे त्याच्या हिशेबात धरलेले असणार, मुलीच्या क्लासची फी तो त्यातून भरतो. मला म्हणाले तू फोनवरून पाठव. पण त्याचा नंबर नाही, आडनाव पण माहीत नाही, सगळे त्याला बंडू म्हणतात. हॉटेलचा क्यूआर शेजारच्या काकांकडून फोटो काढून मागवता येईल. त्यावर पाठवू का?

जुना_कॅप्टन | १३ ऑगस्ट, रात्री ९:१५

गल्ल्यावर पाठवू नका ताई. शेजारच्या काकांना सांगा, सकाळी चहाला जाऊन सहाशे रुपये बंडूच्या हातात द्यायचे आणि बाबांनी दिलेत असं बाबांचं नाव घेऊन सांगायचं. काकांचे पैसे तुम्ही नंतर फिरवा. आणि काकांना म्हणावं त्याचं आडनाव आणि नंबर लिहून आणा.

शेवंती | १४ ऑगस्ट, सकाळी ७:०५

झालं. काका आज सकाळी जाऊन आले. मोहिते आडनाव आहे. नंबर बाबांच्या डायरीत लिहिलाय, बाबांनी स्वतःच लिहिला. बंडूने काकांना विचारलं म्हणे, "आण्णा परत कधी येणार, तब्येत बरी आहे ना?"